शाळूची वाकडी तासं

धावडे, तालुका भोकरदन
आश्विन वद्य ८, शके १८५८

बद्रीनाथ यास,

पत्र लिहितो आहे म्हणून बाप पाघळला असं समजू नको. तुझं कार्ड सगुणाच्या नावानं आलं. सिकंदराबादेस रेल्वेच्या कारखान्यात लागलो, खुशाल आहे, काळजी नसावी. एवढ्या तीन ओळी, आणि त्यात बापाचं नाव नाही. कार्ड मलाच वाचून दाखवावं लागलं, कारण तुझ्या बायकोला अक्षर येत नाही आणि मास्तर गावाला गेले होते. तेव्हापासून ती चुलीपाशी बसून नाक ओढते आहे. धुरानं होतं म्हणते. तिचं समाधान व्हावं म्हणून लिहितो.

नाल्याकाठच्या वावरात चार माणसांदेखत मी तुझा पेरा मोडला, याचं मला वाईट वाटत नाही. शाळू दोन पानांवर आला होता हे खरं. पण बांधावर उभं राहून पाहिलं तर पेऱ्याची एक ओळ, एक तास धड नव्हतं. सगळी मधोमध वाकलेली. धावड्यात रब्बीचं पहिलं तास आपल्या घरचं असतं. दुसऱ्याच्या वावरात जाऊन पेरणीची तिफण धरायची, पहिलं तास ओढून द्यायचं आणि मग वावराच्या धन्यानं त्याला धरून पेरत जायचं, हे तुझ्या पणज्यापासून चालत आलं आहे. त्या घरच्या मुलानं असा पेरा करायचा आणि लोकांनी तो पाहायचा, हे मला सोसलं नाही. म्हणून वखर घातला आणि उगवलेलं मुळासकट काढलं. या पोराच्या हाती तिफण देऊ नका, असंही म्हणालो. रागात बोललो, पण खोटं बोललो नाही.

मला चीड याची येते की तू एका शब्दानं बोलला नाहीस. चुकलो म्हणाला असतास तर मी गप्प बसलो असतो. माझी तासं सरळ आहेत म्हणून भांडला असतास तरी चाललं असतं. तू नुसता उभा राहिलास, बैलांच्या मानेवरून हात फिरवलास आणि तिसऱ्या दिवशी मोटारीत जाऊन बसलास.

वावर मी स्वतः पुन्हा पेरलं आहे. ओल कमी होती, पण उगवण बरी आहे. अक्षर लहानमोठं झालं असेल तर टाकाचा दोष आहे.

भुजंगराव


धावडे
कार्तिक वद्य ५, शके १८५८

बद्रीनाथ यास,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती.

तण काढायची कोळपणी झाली. झाली म्हणजे काय, वाट लागली. कोळपं दोन तासांच्या मधून जायला पाहिजे, ते शाळूची ताटंच कापत चाललं. पाच-सहा ओळींत निम्मा शाळू आडवा झाला. मी रायभानला तिथंच बोललो. इतकी वर्षं आपल्याकडे गडी आहे, पण त्याचंही आता लक्ष राहिलेलं नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "मालक, मी तासातूनच चाललो व्हतो." मग वाकडं कसं गेलं, म्हणून विचारलं तर तो कोळप्याची माती झाडू लागला. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं.

या वर्षी सगळंच वाकडं चाललं आहे. सुताराकडून कोळप्याची नवी दांडी करून आणली, तीही वाकडी. परत पाठवली. त्यानं ती जमिनीवर ठेवून दोरी लावून दाखवली आणि सरळ आहे म्हणाला. ओसरीचा खांब मधून बाहेर आला आहे, तो भिंतीला ओढ देतो की काय अशी भीती वाटते. पुंजारामला बोलावून दाखवला. तो खांबाकडे कमी आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे जास्त पाहत होता. "बराबर हाय, भुजंगराव," म्हणाला आणि तंबाखू मागून गेला. पन्नास वर्षांची दोस्ती आहे, पण मन लावून दोन शब्द बोलायला त्यालाही आता वेळ नाही.

सगुणा बरी आहे. परवा मी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतताना जरा बाहेर सांडलं, तर तिनं ते पुसलं आणि पेला भरून माझ्या हातात दिला. मला बारीक ताप होता त्या दिवशी. तसं मला काही झालेलं नाही.

भुजंगराव


धावडे
माघ शुद्ध ९, शके १८५८

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद.

हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नको. एकटा असताना वाच आणि वाचून झालं की फाडून टाक.

चार दिवसांपूर्वी कणसं खुडताना डाव्या डोळ्यात कूस गेलं. सगुणानं पदराच्या टोकानं काढलं आणि डोळ्यावर दुधाची घडी ठेवून फडकं बांधलं. डावा डोळा असा झाकलेला, उजवा उघडा, आणि मी ओसरीवर बसलो होतो. खांबाकडे पाहिलं तर तो मधे मोडल्यासारखा दिसला. नुसता वाकलेला नाही, मधला हातभर तुकडा जागेवरच नाही. तेवढ्यात सगुणा समोर आली. तिचा पदर दिसला, कानातलं दिसलं, हातातली परात दिसली. तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी करडा डाग, भिंतीवर ओला हात फिरवावा तसा. ती बोलत होती आणि मी त्या डागाकडे पाहत होतो. बद्रीनाथ, मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

ती आत गेल्यावर फडकं सोडलं आणि उजवा डोळा तळहातानं झाकला. खांब सरळ. थोडी लाट आहे, पण सरळ. पुन्हा डावा झाकला. पुन्हा मोडका. असं मी किती वेळ करत बसलो ते सांगता येणार नाही. मग सुतारानं परत आणून ठेवलेली दांडी काढली आणि हातानं चाचपली. ती सरळ आहे. रायभाननं कोळपं तासातूनच नेलं होतं. तासंच वाकडी होती, कारण ती मी काढली होती.

तुझी तासं कशी होती ते आता तपासायला ती उरलेली नाहीत. मी नाल्याकाठच्या वावरात जाऊन उभा राहिलो तेव्हा हाच विचार आला. निदान दोन हात जागा वखरायची राहिली असती तर हातानं चाचपून पाहिली असती.

रायभानला परत बोलावलं. त्याला कारण सांगितलं नाही. गावातही काही बोललो नाही. बोललो तर पहिलं तास आपल्या घरातून जाईल. आंधळ्याला तिफण कोण धरू देईल? तुझ्याबद्दल मी जे बोललो ते तसंच राहिलं आहे, हे मला कळतं. थोडे दिवस जाऊ दे. सगुणाला यातलं काही लिहू नको.

तुझा बाप


धावडे
चैत्र वद्य ४, शके १८५९

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. "जालन्याला जाऊन डोळे दाखवा." एवढंच लिहिलंस. मोठं कार्ड होतं, जागा पुष्कळ होती. असो. मी वाचू शकलो म्हणून आनंद झाला. आता मला एकेक शब्द कडेकडेनं धरावा लागतो.

तुझं कार्ड येण्याआधी गावात एक वैदू आला होता. त्यानं माझ्या पापण्या वर करून पाहिल्या आणि मोतीबिंदू आहे म्हणाला. सुई घालून खाली उतरवतो, घटकाभराचं काम आहे, उद्या सकाळी सूर्य दिसेल. मी तयार झालो होतो. अंगरखा काढून बसलोसुद्धा. सगुणा दारात आडवी उभी राहिली. कधी माझ्यासमोर मान वर न करणारी पोर, ती वैदूला म्हणाली की बाहेर हो. आणि मला म्हणाली, "मामा, मोतीबिंदू असला तर बुबुळ पांढरं दिसतं. माझ्या मायचं दिसत व्हतं. तुमचं बुबुळ काळंभोर हाय." म्हणजे तिला सगळं कळलं होतं. मी कोणापासून काय लपवत होतो कोणास ठाऊक.

भोकरदनपर्यंत गाडी जुंपून गेलो आणि पुढे मोटारीनं. दवाखान्यात मला अंधाऱ्या खोलीत बसवलं. डॉक्टर तरुण आहे, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्यानं बारीक आरसा डोळ्याशी धरून दोन्ही डोळ्यांच्या आत बराच वेळ पाहिलं. मग शेजारी बसून समजावलं. डोळ्याच्या मागच्या बाजूला एक पडदा असतो, त्यावर सगळं चित्र पडतं. त्या पडद्याची मधली जागा माझी झिजली आहे, उजव्याची जास्त, डाव्याची सुरू झाली आहे. म्हणून सरळ ते वाकडं दिसतं आणि मग मधलं जातं. औषध नाही. सुई नाही, चिरफाड नाही. चष्म्यानंही होणार नाही.

मी विचारलं की मी असं काय पाप केलं. तो हसला, पण चांगलं हसला. म्हणाला, "बाबा, वय केलं, दुसरं काही केलं नाही. साठीच्या पुढचे दहा जण माझ्यापुढं बसवा, त्यात एखादा तरी निघतोच. सत्तरी-ऐंशीला तर जास्तच. मोतीबिंदू बाहेरून दिसतो म्हणून गावाला कळतो. हा बाहेरून दिसत नाही, आणि माणूस सांगत नाही."

मी पुन्हा विचारलं, सगळंच जाईल का? तो म्हणाला की मधलं जाईल, वर्षा-दोन वर्षांत डाव्याचंही जाईल. कडेचं राहील. चालता येईल, जेवता येईल, बैल ओळखता येईल. वाचता येणार नाही, आणि समोरच्याचं तोंड दिसणार नाही.

परत येताना मोटारीत माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. दहात एक. धावड्यात साठीच्या पुढचे चाळीस तरी असतील. मग बाकीचे तीन-चार कोण? ते कोणाकोणावर रागावून बसले असतील? आधी मला बरं वाटलं की मी एकटा नाही. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

तू कारखान्यात ठिणग्या उडतात तिथं काम करतोस असं ऐकलं. डोळे जप.

तुझा बाप


धावडे
भाद्रपद शुद्ध ७, शके १८५९

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद.

मी बोललो. आता नीट सगळं सांगतो. हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. ओळीवर लाकडी पट्टी ठेवतो आणि तिच्या आधारानं लिहितो, तरी काही शब्द एकमेकांवर बसले असतील.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर म्हातारी मंडळी बसली होती. या वर्षीच्या रब्बीचं बोलणं निघालं आणि कोणीतरी नेहमीप्रमाणं म्हणालं की भुजंगराव, हस्त नक्षत्रात पहिलं तास आमच्याकडं काढा. मी उठून घरी गेलो आणि गवंड्याचं सूत घेऊन आलो. एक टोक पिंपळाला बांधलं, दुसरं रायभानला ताणून धरायला लावलं. मंडळींना म्हटलं, एकेकानं इथं बसा, एक डोळा झाका आणि सांगा, सूत कसं दिसतं. मग दुसरा झाका. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आधी मीच बसलो आणि मोठ्यानं सांगितलं की मला हे सूत मधे तुटलेलं दिसतं, गेल्या वर्षीही असंच दिसत होतं, आणि त्याच डोळ्यांनी मी माझ्या मुलाचा पेरा पाहिला आणि वखरला.

मग धनगरवाड्यातला आबाराव पुढे आला. बसला, एक डोळा झाकला, मग दुसरा. म्हणाला, "वाकडंच हाय." दोन वर्षांपासून त्याला मेंढ्यांची तोंडं ओळखू येत नाहीत, आवाजावर ओळखतो. म्हातारपणी विसरभोळा झाला म्हणून सुना हसतात, तो हसू देतो. त्याच्यामागून साळूबाई आली. तिला सूत दिसलंच नाही. ती गेल्या वर्षभरात कोणाकडे हळदीकुंकवाला गेली नव्हती. चढेल झाली, नमस्कार केला तरी ओळख दाखवत नाही, असं सगळ्या बायका म्हणत. तिला तोंडंच दिसत नव्हती. ती पारावर बसून रडली. चौदा जण बसले, त्यात मला धरून चौघं निघालो. डॉक्टरच्या हिशोबापेक्षा जास्तच. पण पारावर बसायला येणारे सगळे जुनेच आहेत.

मी पुंजारामला म्हटलं, तू त्या दिवशी बांधावर होतास. बद्रीनाथाची तासं कशी होती?

बद्रीनाथ, त्यानं जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहितो, कारण ते ऐकल्यापासून माझ्या कानातून जात नाही.

"सरळ व्हती, भुजंगराव. बिलकुल सरळ. अन् तुमची दोन सालांपासून वाकडी येऊन राह्यली. सगळ्या गावाला ठावं हाय. तुम्ही पहिलं तास काढून घराकडं वळले की बद्रीनाथ मागून यायचा. तुमचं तास मोडायचा अन् त्याच जागी सरळ काढून द्यायचा. अकरा वावरांत. आमच्यासमोर त्यानं हात जोडले व्हते, बापूला कळू देऊ नका म्हून. वखर घातला तवा मी बोलणार व्हतो. त्यानं माझ्याकडं पाहून मान हालवली. मंग मी गप्प राह्यलो."

मी घरी आलो. सगुणाला विचारलं, तुला माहीत होतं? ती त्या पेऱ्याला तुझ्यासोबत होती, तिफणीच्या चाड्यात बी तिनंच सोडलं होतं. ती म्हणाली, "व्हतं, मामा. ते म्हणले, बापूचं तास गेलं तर बापू जगणार न्हाई."

माझ्यासाठी तू गावाच्या नजरेत नालायक झालास. एका शब्दात तू मला गप्प करू शकला असतास आणि तो शब्द तू बोलला नाहीस. मी तुला गुन्हेगार समजत होतो. माझ्याच घरात माझ्याहून मोठं कोणी आहे हे मला दिसलं नाही, आणि याला डोळ्यांचा दोष मी देत नाही.

तू मला माफ कर असं लिहिणं सोपं आहे. मी ते लिहितो. मला माफ कर.

तुझा बाप


धावडे
भाद्रपद वद्य २, शके १८५९

चि. बद्रीनाथ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. मास्तरांनी पारावर सगळ्यांसमोर वाचलं, मीच वाचायला लावलं. तू लिहितोस की झालं गेलं विसरा, पण आता इथं बस्तान बसलं आहे, आणि गावात परत येऊन तिफण धरायला मन होत नाही. बापूच्या हातून काढून घेतल्यासारखं वाटेल. असं लिहिलं आहेस.

तर ऐक. तू माझ्या हातून काही काढून घेत नाहीस. माझ्या हातात दोन वर्षांपासून काही नव्हतंच, ते तुझ्याच हातात होतं. आता ते लोकांना माहीत झालं, एवढाच फरक. गावानं ठरवलं आहे की हस्तात पेरा धरायचा नाही. चित्रा लागेपर्यंत ओल राहते, तोवर थांबायचं. अकरा घरं आपली तिफण उभी करून तुझी वाट पाहताहेत. मी त्यांना सांगितलं की तो येईलच असं मी म्हणत नाही, माझा त्याच्यावर तेवढा हक्क राहिलेला नाही. पुंजाराम म्हणाला, "तुमचा नसंल, आमचा हाय."

सिकंदराबादेस राहायचं असेल तर राहा. सगुणाला घेऊन जा, मी अडवणार नाही. पण एकदा ये. डावा डोळा आता जोरात उतरतो आहे. गेल्या महिन्यात सगुणाचं तोंड डाव्यानं दिसायचं, आता कपाळ आणि हनुवटीच दिसते. डॉक्टरनं एक युक्ती सांगितली होती, ती मला परवा साधली. समोरच्या माणसाकडे सरळ पाहायचं नाही. त्याच्या खांद्यापलीकडे, भिंतीकडे, कुठंही दुसरीकडे पाहायचं. मग तो कडेनं दिसतो. फार स्पष्ट नाही, पण दिसतो. वासराच्या कपाळावरचा टिळा मला तसा दिसला.

संध्याकाळच्या मोटारीनं येऊ नको, उजेड कमी झाला की मला काही उमगत नाही. सकाळच्या मोटारीनं ये. मी भोकरदनच्या नाक्यावर उभा असेन, रायभान सोबत असेल. तू उतरून समोर आलास की मी तुझ्याकडून तोंड फिरवून घेईन. तू मनाला लावून घेऊ नको आणि तिथूनच परत जाऊ नको. तसाच थोडा वेळ उभा राहा. मी तुलाच पाहत असेन.

तुझा बाप
भुजंगराव